ड्रमरच्या आवाजाइतके वॅट: क्लासिक रॉकसाठी व्हॉल्व्ह ॲम्प निवडतानाच्या नोंदी

१ जून

तालमीसाठी आणि कार्यक्रमांसाठी मिळून एकच व्हॉल्व्ह ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर) घ्यायचा, असं बँडमध्ये ठरलं. पैसे चौघांचे, निवड माझ्याकडे. म्हणून ही वही. जे ऐकलं, जे मोजलं आणि ज्यावरून मत बनलं ते इथं लिहीन, म्हणजे उद्या कुणी "हाच का?" विचारलं तर उत्तर हातात असेल.

आम्ही वाजवतो ते साठ-सत्तरच्या दशकातलं ब्रिटिश रॉक. त्यातली गिटार आजच्या मेटलइतकी फाटलेली नसते. कॉर्ड वाजली की तिच्यातला सूर न् सूर वेगळा कळतो. हात हलका पडला की आवाज जवळजवळ स्वच्छ, जोरात मारलं की गुरगुरतो. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला की पेडलला पाय न लावता ऱ्हिदमचा आवाज मिळतो आणि सोलोला परत दहावर. आत्ताचं मल्टि-इफेक्ट युनिट कामाचं आहे, त्यानं आम्हाला बरेच कार्यक्रम निभावून दिलेत. पण हलक्या आणि जड हातातला फरक त्यात मला पुरेसा सापडत नाही. मला तो फरक हवा आहे. बाकी सगळं त्याच्या मागून.

तालमीची खोली कोल्हापुरात राजारामपुरीत, गच्चीवरची, पत्र्याची. बारा बाय पंधरा फूट. खाली घरमालक राहतात आणि भाडं जवळपास घेतच नाहीत. त्यांना त्रास होईल असं काही आणायचं नाही, ही पहिली अट.

४ जून

आवाज नेमका कुठं फाटतो, हे आधी स्वतःपुरतं स्पष्ट करून घेतलं. त्याशिवाय ऐकायला जाण्यात अर्थ नाही.

पहिली जागा प्रीॲम्प, गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग. तिथं ईसीसी ८३ हा छोटा व्हॉल्व्ह, अमेरिकन नंबर १२ एएक्स ७. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग. कागदावर त्याचा गुणक १००, प्रत्यक्ष सर्किटमध्ये एक टप्पा साधारण ५० ते ६० पट वाढवतो. सिग्नल मोठा झाला की एका बाजूला ग्रिड (सिग्नल जिथं येतो ती जाळी) धन होऊन स्वतःच करंट ओढायला लागते आणि लाट चपटी होते. दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्ह पूर्ण बंद पडतो आणि लाट तिथंही कापली जाते. दोन्ही बाजू सारख्या कापल्या जात नाहीत, म्हणून सम हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे उपसूर) भरपूर निघतात. कानाला ते जाड आणि गोड लागतं.

दुसरी जागा फेज इन्व्हर्टर, जो सिग्नलची एक सुलटी आणि एक उलटी प्रत करतो; तिसरी आउटपुटचे व्हॉल्व्ह. आउटपुटला दोन व्हॉल्व्ह पुश-पुलमध्ये, म्हणजे एकमेकांच्या उलट काम करत असतात. त्यांच्यातले सम हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना खोडतात आणि विषम उरतात. रॉकमधली ती धार बरीचशी इथली. मग पॉवर सप्लाय: जुन्या ॲम्पमध्ये जीझेड ३४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह असायचा, जोरात मारलं की व्होल्टेज क्षणभर खाली बसायचं आणि सूर दबून मग वर यायचा. शेवटी स्पीकरचा कागदी कोन, तोही जोर पडला की स्वतःचं काहीतरी मिसळतो.

साठच्या दशकातल्या मार्शल कंपनीच्या ॲम्पमध्ये मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे प्रीॲम्पनंतरचा वेगळा व्हॉल्यूम नव्हता. म्हणजे फाटवायचं तर सगळ्या जागा एकदम आणि पूर्ण आवाजात. १९७५ मध्ये २२०३ या मॉडेलवर मास्टर व्हॉल्यूम आला आणि कमी आवाजात नुसता प्रीॲम्प फाटवता यायला लागला. १९८१ च्या जेसीएम ८०० मध्ये तेच सर्किट पुढं चाललं. दोन्ही आवाज उत्तम, पण दोन वेगळे आवाज. आम्ही ज्या गाण्यांच्या मागं आहोत त्यातली बहुतेक पहिल्या पद्धतीची आहेत.

तेव्हा प्रत्येक ॲम्पला एकच प्रश्न: कोणता टप्पा फाटतो, आणि तो फाटत असताना आवाज किती मोठा असतो?

८ जून

सांगली. जयसिंगपूरमार्गे गेलो, पावसानं रस्ताभर सोबत केली. तिथल्या मित्राकडे व्हॉक्स एसी १५ आहे: दोन ईएल ८४, टॉप बूस्ट चॅनेल, १२ इंची ग्रीनबॅक स्पीकर.

या घराण्याच्या ॲम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक नाही. बहुतेक ॲम्पमध्ये आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागच्या टप्प्याला देतात. त्यानं आवाज ताठ आणि स्वच्छ राहतो, पण मर्यादा आली की एकदम फाटतो. एसी १५ मध्ये ते नसल्यानं फाटणं लवकर सुरू होतं आणि हळूहळू वाढतं. कुठं स्वच्छ संपलं आणि कुठं फाटकं सुरू झालं ते सांगता येत नाही. मोकळ्या तारांच्या कॉर्डना त्याच्यासारखा आवाज मी आजवर दुसरीकडे ऐकलेला नाही. घंटेचा नाद असतो त्यात.

मग ट्रेबल बूस्टर, वरचे सूर वाढवणारं छोटं पेडल, लावला. क्वीन बँडच्या ब्रायन मे यांच्या आवाजाचा पाया हाच, एसी ३० आणि पुढं ट्रेबल बूस्टर. बूस्टर ॲम्पच्या आधीच खर्ज कापतो, त्यामुळं जाड तारा पूर्ण फाटल्या तरी चिखल होत नाही. एकेरी सुरांना गायकीचा लगाव आला.

अडचण खालच्या दोन तारांवरच्या रिफची. तळहातानं दाबून वाजवलं की खर्ज सैल पडतो, बेसशी भांडतो. आमच्या यादीतली अर्धी गाणी त्याच जातीची आहेत. एसी १५ दुसऱ्या क्रमांकावर.

१२ जून

काकांना सांगलीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. काका देवल क्लब या कोल्हापुरातल्या संगीतसंस्थेच्या कार्यक्रमांना तानपुऱ्याची साथ करत आलेत, रॉक त्यांचं नव्हे. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "अरे, याची जवारी उघडलीय. पण थोडी जास्तच."

मिरजेचे कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवतात आणि तानपुरा बोलायला लागतो. आणखी केसभर सरकला की नुसता खरखरतो. ॲम्पचा व्हॉल्यूम पाचच्या पुढं नेताना मी हेच ऐकत असतो. सूर त्याच्या पोटातल्या हार्मोनिकांसकट उघडतो, पण मूळ सूर बुडता कामा नये. काकांना पुढच्या प्रत्येक रेकॉर्डिंगला बसवणार. त्यांच्या कानावर ब्रँडच्या नावाचा काही परिणाम होत नाही.

१५ जून

आज वॅटचा निकाल लावला.

कारखान्यातून साउंड लेव्हल मीटर परवानगीनं आणला. ड्रमर नेहमीसारखा वाजवत असताना दोन मीटरवर १०० ते १०५ डेसिबल. हे ॲम्पचं लक्ष्य. याच्या खूप खाली राहिला तर गिटार ऐकू येणार नाही, खूप वर गेला तर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येणार नाही.

आता स्पीकर. सेलेस्टियनच्या जी १२ एम ग्रीनबॅकची सेन्सिटिव्हिटी ९८ डेसिबल: एक वॅट दिला की एक मीटरवर ९८. पॉवर दुप्पट केली की ३ वाढतात, दहापट केली की १०. म्हणजे ५ वॅटला १०५, २० वॅटला १११, ५० ला ११५, १०० ला ११८. हे स्वच्छ आवाजाचे आकडे. व्हॉल्व्ह पूर्ण फाटवले की आउटपुट याच्याही वर जातं. आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. याचा अर्थ १०० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो. ५० आणि १०० मध्ये तर तीनच डेसिबल.

मग १०० वॅटचे ॲम्प झाले कशाला? त्याला त्या काळातलं कारण आहे. जिम मार्शल यांचं पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला ड्रमचं दुकान. १९६२ मध्ये तिथं केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर बासमनच्या सर्किटवरून पहिला ॲम्प उभा केला, तो जेटीएम ४५. द हू बँडच्या पीट टाउनशेंडसारख्या गिटारवाद्यांना त्याहून मोठा आवाज हवा होता, म्हणून १०० वॅट आले. तेव्हाच्या हॉलमधली पीए व्यवस्था जेमतेम गायकापुरती. गिटारचा आवाज ॲम्पनंच शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. आज आमच्यापुढं तो प्रश्नच नाही. स्पीकरसमोर शुअर एसएम ५७ हा माइक उभा केला की पुढचं काम मिक्सरचं. कोल्हापुरात तर मंडळांच्या डॉल्बीवाल्यांकडे अख्खी गल्ली हलवेल एवढी पॉवर पडलेली असते. ॲम्पनं ड्रमरची बरोबरी करायची, एवढंच.

म्हणून माझ्या मते वॅट ठरवतो तो ड्रमर. बंद खोलीत आमच्या ड्रमरसमोर पूर्ण फाटवता येईल असा ॲम्प ५ वॅटच्या आसपास, स्टेजवर २०. पन्नासचा घेतला तर तो कधीच फाटणार नाही, दोनवर ठेवून वाजवावा लागेल आणि पैसे दिलेला निम्मा ॲम्प झोपून राहील.

ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र दहापासून. खोलीत खिडक्या लावून भिंतीबाहेर मोजलं. तालीम आठला संपवायची हा आमचा नियम योग्यच आहे, आणि पत्र्याखाली जाड अस्तर बसवल्याशिवाय नवीन ॲम्प वर चढवायचा नाही.

२२ जून

बेळगाव. इथं रॉक वाजवणारी एक पिढी आहे, आमच्याकडे ती तुरळक. एका ज्येष्ठ गिटारवाल्या दादांकडे १९८० च्या दशकातला जेसीएम ८००, ५० वॅटचा २२०४ आणि चार स्पीकरची कॅब (स्पीकरची पेटी). निकाल माहीत असूनही गेलो, कारण फाटण्याची दुसरी पद्धत नीट ऐकायची होती.

दादांनी मागची जाळी काढून दाखवली. नवे ईएल ३४ हे आउटपुट व्हॉल्व्ह बसवलेत, बायस (सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट) बघून घे म्हणाले. प्लेटवर ४५० व्होल्ट. ईएल ३४ ची प्लेट २५ वॅट सोसते. त्याच्या ७० टक्के म्हणजे साडेसतरा. त्याला ४५० नं भागलं की ३९ मिलिॲम्पियर ही वरची हद्द. त्यांचे दोन्ही व्हॉल्व्ह ३६ वर होते. उत्तम. हे काम ज्याला येत नाही त्यानं ॲम्प उघडूच नये. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट बसून असतात आणि ते जीव घेतात. माझं रोजचं काम पॅनेल वायरिंगचं, तरी मी आधी रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे केले, मीटर लावून शून्य बघितलं आणि मगच हात घातला.

आवाज? ठोस, पुढं येणारा, कॉर्ड सोडली की लगेच थांबणारा. प्रीॲम्पच्या एका टप्प्याला कॅथोडवर १० किलोओहमचा रेझिस्टर आहे. त्यामुळं तो ट्रायोड बंद पडण्याच्या काठावर उभा असतो आणि लाटेची एक बाजू फार लवकर कापतो. या ॲम्पची खरखरीत धार तिथून येते. मास्टर दोनवर ठेवूनसुद्धा ती मिळते, हा त्याचा मोठा गुण. ऐंशीच्या दशकातली गाणी वाजवणाऱ्यानं दुसरीकडे बघूच नये.

गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला तर मात्र आवाज स्वच्छ होण्याआधी बारीक होतो. मला अंग तसंच ठेवून स्वच्छ होणारा आवाज हवा आहे. मास्टर पाचवर नेल्यावर आउटपुट व्हॉल्व्ह कामाला लागले तेव्हा अंग आलं खरं. पण कपाटातली भांडी वाजायला लागली आणि वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

दादा निघताना म्हणाले, "तुमची गाणी यापेक्षा जुनी आहेत. चार इनपुटवाला बघा."

२६ जून

शाहू जयंती, सुट्टी. लक्ष्मीपुरीत जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मामांकडे गेलो. कपाटात भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, बेंगळूरुला बनलेले ईसीसी ८३ आणि ईएल ८४, खोक्यासकट. आपल्या देशात हे व्हॉल्व्ह बनत होते आणि घराघरातल्या रेडिओत तापत होते. मामांनी टेस्टरवर लावून दाखवले, एक ट्रायोड थोडा म्हातारा, बाकी ठणठणीत. दोन ईसीसी ८३ घेतले. आता नवे व्हॉल्व्ह बहुतेक स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात, तेव्हा एवढी शिल्लक जवळ असलेली बरी.

मामांची एक सूचना लिहून ठेवतो: व्हॉल्व्ह लावल्यावर पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारायची. स्पीकरमधून टण्ण आवाज मोठ्यानं आला की तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक, पहिल्या टप्प्यात लावायचा नाही.

२ जुलै

लाईटचं बघितलं. अमेरिकेतून कुणाबरोबर ॲम्प आणायचा नाही, १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि वर जडशीळ कन्व्हर्टर कोण वाहणार. २३० व्होल्टचाच.

खोलीत संध्याकाळी २०५, रात्री उशिरा २५० पर्यंत जातं. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के कमी-जास्त चालतात. २५० ला तो ६.८५ होतो, काठावर. २०५ ला ५.६, म्हणजे हद्दीबाहेर. कॅथोड पुरेसा तापत नाही आणि आवाज मलूल होतो. सर्वो स्टॅबिलायझर घ्यायचा, ५०० व्हीएचा पुरेल. लाईट गेली की घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प लावायचा नाही, ट्रान्सफॉर्मर घूं करतो आणि तापतो. त्या वेळी तालीम ॲकॉस्टिकवर.

अर्थिंग जास्त महत्त्वाचं. गिटारच्या तारा ॲम्पच्या चासीला, चासी अर्थला. माइक दुसऱ्या लाइनवरच्या मिक्सरला. दोन्हीकडच्या अर्थमध्ये फरक असेल तर गाणाऱ्याचा ओठ माइकला लागला की झटका बसतो, आणि ओल्या मांडवात तो जिवावर बेतू शकतो. खोलीत न्यूट्रल आणि अर्थमध्ये १४ व्होल्ट निघाले. घरमालकांना दाखवलं, त्यांनी लगेच खड्डा उकरायला परवानगी दिली. कोळसा, मीठ, नवीन पाइप, आणि खोलीच्या बोर्डात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट अर्थला गळला की लाईन तोडणारा स्विच). आता दीड व्होल्ट. कार्यक्रमाला गेल्यावर गिटार गळ्यात घालण्याआधी मीटर लावायचा आणि मिक्सर व ॲम्प एकाच बोर्डावरून घ्यायचे, हा आजपासून नियम.

६ जुलै

पुणे. कोल्हापुरात व्हॉल्व्ह ॲम्प शेजारी-शेजारी लावून ऐकण्याची सोय मला सापडली नाही, म्हणून स्वतःची गिटार घेऊन गेलो. ड्रमर सोबत, कारण मापदंड तोच आहे. दुकानवाल्यांनी मागच्या खोलीत ड्रम किटसुद्धा दिलं, त्यांचे आभार.

मार्शल डीएसएल २०: दोन चॅनेल, मास्टर व्हॉल्यूम, दोन ईएल ३४, २० आणि १० वॅट. क्लासिक गेन चॅनेल सुंदर. दुसऱ्या चॅनेलचा गेन आमच्या कामाच्या पलीकडचा. घरी एकट्यानं वाजवणाऱ्याला मी हाच सांगेन.

ऑरेंज रॉकर १५: ईएल ८४, आणि १५ वॅटपासून अर्ध्या वॅटपर्यंत उतरणारं बटण. मधला भाग जाड, लोकरीसारखा. एकट्यानं ऐकताना फार आवडला. ड्रम सुरू झाले की कडा हरवली.

मार्शल ओरिजिन २०: पैशाच्या मानानं फार प्रामाणिक ॲम्प. स्वच्छ आवाज भरदार, पण फाटायला पुढं पेडल मागतो.

मग मार्शल एसव्ही २० एच. साठच्या दशकातल्या १०० वॅट सुपर लीडचं सर्किट २० वॅटमध्ये, दोन ईएल ३४ आणि तीन ईसीसी ८३. बेळगावच्या दादांनी सांगितलेले चार इनपुट, मास्टर व्हॉल्यूम नाही, २० आणि ५ वॅटचं बटण. गिटार पहिल्या चॅनेलच्या वरच्या इनपुटला, त्याच चॅनेलच्या खालच्या इनपुटमधून एक छोटी केबल दुसऱ्या चॅनेलच्या वरच्या इनपुटला. मग दोन्ही चॅनेल एकदम वाजतात: एक तीव्र, एक गडद, आणि मिश्रण आपल्या हातात.

५ वॅटवर ठेवला, पहिला लाउडनेस (पहिल्या चॅनेलचा व्हॉल्यूम) सहा, दुसरा चार. ड्रमरला म्हटलं, मार.

पहिल्याच कॉर्डला आम्ही एकमेकांकडे बघितलं. सूर फुटला, पण त्यातली प्रत्येक तार जागेवर होती. गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला. धार गेली, अंग राहिलं. नखानं हलकं छेडलं तर जवळजवळ स्वच्छ. त्याच जागेवर मनगट टाकून मारलं तर गुरगुर. ड्रमच्या बरोबरीनं, ना वर ना खाली. ड्रमर वाजवता वाजवता ओरडला, "भावा, हे वाजायलंय की!"

२० वॅटवर आवाज तितकाच फाटलेला पण रुंद, खर्ज ताठ. बंद खोलीत जास्त होतो, स्टेजला बरोबर.

परतीच्या गाडीत रेकॉर्डिंग काकांना पाठवलं. उत्तर आलं: "हा लागला सुरात."

११ जुलै

बँडपुढं मांडलं. बेसवाल्याची शंका रास्त होती: मास्टर नाही, मग घरी सराव कसा? उत्तर ॲटेन्युएटर. ॲम्प आणि स्पीकरमध्ये बसून तो पॉवर उष्णतेत घालवतो. ॲम्पच्या ओहमशी जुळणारा आणि २० वॅटच्या दुप्पट तरी सोसणारा घ्यायचा. पण खूप दाबलं तर आवाज पातळ वाटणारच, त्यात ॲम्पचा दोष नाही. कमी आवाजात आपला कानच खर्ज आणि तीव्र कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये त्याचे आलेख मांडले. शिवाय स्पीकरचा कोनही हलत नाही. म्हणून ॲटेन्युएटर घरच्या बोटांच्या सरावापुरता. आवाज ठरवायचा तो ड्रमसोबतच.

ठरलं: एसव्ही २० एच हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा ॲम्प. कॅब इथं बनवायची, त्यात वाचलेले पैसे स्पीकरला.

२० जुलै

कॅबचं गणित. २० वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प पूर्ण फाटवला की स्पीकरला २० च्या बराच वर मार बसतो, म्हणून एकटा २५ वॅटचा ग्रीनबॅक धोक्यात. दोन घेतले: प्रत्येकी ८ ओहम, सिरीजमध्ये १६, आणि ॲम्पच्या १६ च्या जॅकला. एक स्पीकर गेला तर दोन्ही बंद पडतील, आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प वाजला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून तो जळतो. म्हणून वायरची जोडणी सोल्डर करून वर क्लिप, आणि केबल स्पीकरचीच. गिटारची शिल्डेड केबल कॅबला लावायची नाही.

१८ मिलिमीटर बर्च प्लाय, पाठ बंद. उघड्या पाठीची कॅब खोलीत मोकळी वाटते, पण दाबून वाजवलेल्या रिफला बंद पाठच पकड देते. सुतार मेस्त्रींनी कोपरे बोटसांध्यानं जोडले, खिळा एकही नाही. हँडल आणि लोखंडी कोपरे उद्यमनगरातून.

१० ऑगस्ट

हेड आलं. पत्र्याखाली अस्तर बसलं. घरमालकांच्या हॉलमध्ये ड्रमर सोडून बाकीचे बसलो आणि त्यांनाच विचारलं. टीव्ही ऐकू येतो म्हणाले, आजी झोपल्या होत्या त्या झोपूनच राहिल्या. पहिली अट पाळली गेली याचा मला ॲम्पइतकाच आनंद आहे.

आजची मांडणी, ५ वॅटवर: पहिला लाउडनेस ६, दुसरा ४, बास ३, मिडल ७, ट्रेबल ५, प्रेझेन्स ४. बास तीनच्या वर नेला की पूर्ण जोरात खर्ज पसरतो. प्रेझेन्स निगेटिव्ह फीडबॅकच्या वाटेवर बसतो, त्यामुळं तो ट्रेबलपेक्षा वेगळी, आउटपुटकडची धार देतो. नव्या तारांवर ३ पुरतो. मिडल उघडाच ठेवायचा, गिटारची जागा तिथंच आहे.

नवे ग्रीनबॅक अजून ताठ आहेत. कोन मोकळा व्हायला वेळ द्यायला हवा, तोवर ट्रेबलला हात लावत नाही.

१७ ऑगस्ट

पहिल्या टप्प्यात मामांकडचा भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईसीसी ८३ लावून बघितला. वरचा भाग किंचित मऊ, सोलोला मला जास्त आवडला. पेन्सिल चाचणीत पास. ठेवला. कंपनीचा व्हॉल्व्ह खोक्यात, नाव आणि तारीख घालून.

२४ ऑगस्ट

चतुर्थी बुधवारी. मंडळाचा कार्यक्रम त्यानंतरच्या शनिवारी, उघडा मांडव, वर ताडपत्री. आज सगळं बांधलं: हेड, कॅब, स्टॅबिलायझर, मीटर, दोन ईसीसी ८३, ईएल ३४ ची जुळवलेली जोडी, मागच्या पट्टीवर लिहिलेल्या रेटिंगचे फ्यूज, दोन स्पीकर केबल. हेडला प्लास्टिकचं आवरण, पण वाजताना काढायचं. व्हॉल्व्हला हवा लागते.

डॉल्बीवाल्या दादांशी बोलणं झालं. एसएम ५७ कोनच्या मधोमध नको, टोपीच्या कडेवर, जाळीला जवळजवळ टेकून; मॉनिटरमध्ये गिटार द्यायची नाही, ॲम्प २० वॅटवर ड्रमरच्या उजव्या हाताला. ते म्हणाले, एवढ्याशा पेटीतून काय होणार? शनिवारी साउंड चेकला चारला या म्हटलंय, गिटार त्यांच्याच हातात देणार आहे.